परान्न आणि परमुलूख

आमच्या लहानपणी घरातील वडीलधाऱ्या मंडळींच्या बोलण्यात ‘परान्न’ हा शब्द वारंवार येत असे. त्याचा सरळ अर्थ परक्याच्या घरचे अन्न. परंतु तो उच्चारताना आमच्या आजीच्या कपाळावर जी आठी उमटे, तिच्यावरून त्या शब्दात अर्थापेक्षा धाक अधिक आहे, हे आम्हा मुलांस न सांगता कळत असे. घरातील कोणी परगावी जावयास निघाला की आदल्या रात्री दशम्यांची तयारी सुरू होई. पीठ पाण्यात भिजविले तर ते अन्न प्रवासात ओवळे होते, दुधात भिजविले तर होत नाही, असा तो हिशेब. दशम्या, तिळाची चटणी, मेतकुटाची पुरचुंडी आणि लाडवांचा डबा एवढे सामान बरोबर दिले की जाणारा माणूस दोन दिवस कोणाच्याही दारी ताट मागणार नाही, अशी आजीची खात्री होई. जाणारा पंढरपुरास जावो की काशीस, तो जेवणार मात्र आमच्याच घरी! फक्त ते घर त्याच्याबरोबर डब्यात बसून जात असे, एवढेच.

आजी गेली आणि तो धाकही गेला. त्याबद्दल शोक करावा असे मला वाटत नाही. परंतु धाक गेला म्हणून परमुलूख आपल्या अधिक जवळ आला, असे मात्र दिसत नाही. माझा धाकटा पुतण्या पुण्यास एका कंपनीत आहे. महिन्यातील दहा-बारा दिवस तो बाहेरगावी असतो. गेल्या वर्षी तो तीन वेळा इंदुरास जाऊन आला. सुटीत घरी आला असता मी त्यास विचारले, “इंदुरात काय खाल्लेस?” त्याने फोनवरून खोलीवर मागविलेल्या पदार्थांची नावे सांगितली. त्यांतील एकूण एक पदार्थ त्याला पुण्यात, आपल्या बिऱ्हाडापासून दोन मिनिटांच्या अंतरावर मिळतो. “राजवाडा तरी पाहिलास का?” असे विचारता तो म्हणाला, “काका, मी कामाला गेलो होतो, फिरायला नव्हे.”

मुलगा कष्टाळू आहे आणि त्याचे उत्तर उद्धटपणाचे नव्हते. तथापि त्या उत्तरात एक समजूत दडलेली आहे, आणि ती आज घरोघरी दिसते. काम वेगळे, प्रवास वेगळा. एक पोटासाठी, दुसरा हौसेसाठी. आणि हौसेच्या प्रवासाला सुटी, पैसा व कुटुंब ही तिन्ही जुळली पाहिजेत, अशी ती समजूत आहे. ती तिन्ही एकत्र कधी जुळत नाहीत, आणि माणूस देशभर हिंडूनही कोठे जात नाही. आजीच्या दशमीत आणि पुतण्याच्या फोनवरील जेवणात मला तर फारसा भेद दिसत नाही. दोघांनीही परमुलखात आपलेच घर बरोबर नेले. आजीजवळ निदान त्यासाठी एक शास्त्र होते.

या विषयावर लिहिण्याचा मला काय अधिकार, तेही सांगतो. मॅट्रिक झाल्यावर मी पुढील इंग्रजी शिक्षणाच्या वाटेस गेलो नाही. पाठशाळेत राहून काव्य व व्याकरण शिकलो आणि सातारा जिल्ह्यातील एका शाळेत संस्कृतचा मास्तर झालो. १९८८ पासून संस्कृताच्या परीक्षा घेणाऱ्या एका संस्थेने मला बाहेरगावच्या केंद्रांवर तोंडी परीक्षांसाठी पाठविण्यास आरंभ केला. वर्षातून चार-पाच फेऱ्या होत. मिळणारा भत्ता असा की त्यात दुसऱ्या वर्गाचे तिकीट आणि साधे जेवण एवढेच बसावे. मुक्काम दोन दिवसांचा, क्वचित तीन दिवसांचा. अकरा ते पाच परीक्षा. म्हणजे माझ्या वाट्यास त्या त्या गावाची सकाळ आणि संध्याकाळ तेवढी येई. ही नोकरी मी सुमारे तीस वर्षे केली. सुटी काढून, केवळ पाहावयास म्हणून, मी त्या काळात कोठेही गेलो नाही.

एवढ्या फेऱ्यांनंतर माझे असे मत झाले आहे की, कामासाठी जाणाऱ्यास जे गाव दिसते, ते हौशी प्रवाशास सहसा दिसत नाही. याचे कारण अगदी साधे आहे. हौशी प्रवाशाची गावात कोणी वाट पाहत नसते. त्याला भेटतात ते खाणावळवाले, टांगेवाले आणि वाटाडे. तो गावाचे गिऱ्हाईक असतो. कामासाठी गेलेल्या माणसाची मात्र कोणी तरी खरोखरच वाट पाहत असते. तोच धंदा करणारा, तीच कटकट सोसणारा, त्याच गावात मुलाबाळांसह राहणारा एक माणूस त्याला पहिल्या तासातच भेटतो. गावाच्या मागल्या दाराची किल्ली या माणसाजवळ असते. ‘येथे पाहण्यासारखे काय आहे?’ असे त्याला विचारू नये. तो सर्वांस ठाऊक असलेलीच नावे सांगेल. ‘तुम्ही स्वतः कोठे जाता? तुमच्या घरी आज काय शिजले?’ असे विचारावे. मग पाहा, त्याचा चेहरा कसा उजळतो! मी प्रत्येक गावी एक गोष्ट पाहावी, एक पदार्थ खावा आणि या दोहोंचा एकमेकांशी काय संबंध आहे ते त्या माणसास विचारावे, असा नेम ठेवला. दोन दिवसांत याहून अधिक होत नाही, आणि याहून अधिक करूही नये.

१९८९ साली बडोद्यास मी प्रथम गेलो, तेव्हा हा नेम जन्मास आला. माझे यजमान एक वृद्ध गुजराती शास्त्री होते. काम दुसऱ्या दिवशी लवकर आटोपल्यावर त्यांनी मला प्राच्यविद्यामंदिरात नेले. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला एक मुलगा १८७५ साली बडोद्याच्या गादीवर बसतो आणि सयाजीराव या नावाने राज्य करताना १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे करतो, ही हकीकत आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच राजाने काढलेल्या ग्रंथमालेचे पहिले पुस्तक राजशेखराची ‘काव्यमीमांसा’ होते व ते १९१६ मध्ये निघाले; १९२७ साली ही संस्था उभी राहिली; आणि वाल्मीकिरामायणाची चिकित्सित आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात तिनेच सिद्ध केली, हे तेथील कपाटांसमोर उभे राहून ऐकताना माझ्यासारख्या खेड्यातील मास्तराचा ऊर भरून आला.

तेथून बाहेर पडल्यावर शास्त्रीबोवा मला एका गाडीपाशी घेऊन गेले. वाटाण्याची उसळ, तीवर लाल तर्री, तीवर शेवेची रास आणि बाजूस पाव. बडोद्याची ही प्रसिद्ध शेव-उसळ. पहिला घास घेतो न घेतो तोच शास्त्रीबोवांनी मिस्किलपणे विचारले, “मास्तर, ही उसळ तुमची की आमची?” मी म्हणालो, “नाव आमचे, शेव तुमची.” ते म्हणाले, “आणि गादीवरचा राजा?” या प्रश्नास माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि त्यांनाही ते नको होते. गायकवाडांचे राज्य १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झाले. ‘उसळ’ हा शब्द मात्र कोणत्याही राज्यात विलीन न होता त्या गाडीवर जसाच्या तसा उभा होता. राज्ये जातात, नाणी बदलतात. पण स्वयंपाकघरात एकदा शिरलेला शब्द सहसा बाहेर पडत नाही, हे मला त्या दिवशी प्रथम उमगले.

पुढे इंदुरास त्याचे प्रत्यंतर आले. तेथील राजवाडा सात मजली आहे. खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी. १९८४ च्या दंगलीत त्याचा बराच भाग जळाला व पुढे तो पुन्हा बांधला गेला. संध्याकाळच्या उन्हात त्याची दर्शनी भिंत पाहून आम्ही मागील सराफ्यात गेलो. सराफांची दुकाने दिवसभर सोन्याचांदीचा व्यवहार करून रात्री बंद होतात, आणि त्यांच्याच ओट्यांवर, ओट्यांसमोर खाद्यपदार्थांच्या गाड्या लागतात. त्या मध्यरात्रीनंतरही चालू असतात. सराफांनीच ही प्रथा चालू दिली, कारण गर्दी असली म्हणजे दुकानांवर आपोआप पहारा राहतो, असे तेथील लोक सांगतात. सोन्याचे रक्षण जिलबीने करावे, ही कल्पना मला तरी फार आवडली.

तेथे मी ‘भुट्टे का कीस’ खाल्ला. मक्याची कोवळी कणसे किसून, तुपाच्या फोडणीवर परतून, दूध घालून ती मऊ शिजवितात. वर लिंबू आणि कोथिंबीर. पदार्थ माळव्यातला, मका माळव्यातला, वाक्य हिंदी. पण ‘कीस’ हा आपला, किसणीवरून उतरलेला, अस्सल मराठी शब्द. होळकरांच्या फौजेबरोबर जी कुटुंबे माळव्यात गेली, त्यांतील बायकांच्या सामानात किसणीही असली पाहिजे. इतिहासाच्या पुस्तकात लढायांची नावे येतात, किसणीचे नाव येत नाही. तिची नोंद सराफ्यातील हलवायाने आपल्या पाटीवर करून ठेविली आहे. सकाळी तेथे पोहेही खाल्ले. आपण पोहे फोडणीवर परततो. तेथे ते उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाफेने ऊन ठेवतात, त्यांत बडीशेप असते, आणि वरून शेव व जिरावण नावाचा आंबट-तिखट मसाला भुरभुरतात. सोबत जिलबी. पोह्यांबरोबर जिलबी खाणारा माणूस दिवसभर कोणाशी भांडत नसावा.

हा सारा वृत्तांत मी पुतण्यास सांगितला आणि म्हणालो, “तुझे काम रात्री नऊला संपते ना? सराफा नऊलाच सुरू होतो.” तो हसला. परंतु पुढल्या खेपेस इंदुराहून येताना त्याने वहिनींसाठी जिरावणाची पुडी आणली. पुडी बाजारात मिळते, हे खरे. तथापि ती कोठल्या दुकानातून घ्यावी हे त्याला त्याच्या इंदूरच्या सहकाऱ्याच्या आईने सांगितले होते, असे कळल्यावर मला जे समाधान झाले ते पुडीचे नव्हते.

सर्वांत लांबचा आणि सर्वांत जवळचा मुलूख म्हणजे तंजावर. १९९७ साली तेथे गेलो. माझे यजमान तमिळ वैदिक. त्यांना मराठी येत नव्हते, मला तमिळ येत नव्हते, म्हणून दोन दिवस आम्ही संस्कृतातच बोललो. पानावर बसल्यावर काय मौज झाली, ती सांगतो. मला तिखट सोसत नाही, म्हणून ‘मिरची कमी घाला’ असे सांगावयाचे होते. परंतु मिरचीला जुना संस्कृत शब्दच नाही! ‘मरीच’ म्हणावे तर ती काळी मिरी. मिरची अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्यास लागली, ती आमचे सारे प्राचीन कवी होऊन गेल्यावर. मी हाताने खूण केली, तेव्हा शास्त्रीबोवा हसून म्हणाले की तमिळातही हीच गोष्ट आहे: काळी मिरी ‘मिळगु’, आणि तिच्यावरून मिरचीला नाव पडले ‘मिळगाय’. आपणही मिरीवरूनच मिरची म्हणतो. सातशे मैलांच्या अंतरावरील दोन भाषांनी एका परदेशी पाहुणीचे बारसे एकाच रीतीने केले, हे कळावयास मला चाळीस वर्षांचे वय आणि तंजावरचे सांबार लागले.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही बृहदीश्वराच्या देवळात गेलो. राजराज चोळाने बांधविलेले, १०१० च्या सुमारास पूर्ण झालेले ते मंदिर. त्याचे विमान सुमारे २०० फूट उंच. मान मागे टाकून ते पाहावे तितके थोडेच. परंतु शास्त्रीबोवांनी मला आवाराच्या एका कोपऱ्यात नेले आणि भिंतीकडे बोट दाखविले. पाहतो तो भिंतीवर ओळीमागून ओळी, देवनागरी अक्षरे आणि भाषा मराठी! शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतले, आणि त्यांच्या वंशाचे राज्य तेथे १८५५ पर्यंत टिकले. त्यांतील सरफोजीराजांनी १८०३ साली भोसल्यांच्या घराण्याचा सारा इतिहास या भिंतीवर कोरविला. पहाटेच्या गार दगडावर बोट ठेवून मी ती अक्षरे वाचू लागलो. चोळांच्या देवळात, तमिळ शंखध्वनी चालू असता, आपली भाषा दगडात उभी पाहून काय वाटले ते शब्दांत सांगता येत नाही. सरस्वती महालातील पोथ्यांचे भांडारही त्याच दिवशी पाहिले. संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी अशा चारही बहिणी तेथे एका छपराखाली सुखाने नांदत आहेत.

शास्त्रीबोवांनी रात्री मला त्यांच्या एका मित्राकडे जेवावयास पाठविले. ते कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या तंजावरास राहिलेले, घरात मराठी बोलणारे. त्या मराठीस तमिळ हेल आहे. मधूनच आपल्याकडे आता कोणी न बोलत असलेला एखादा जुना शब्द येतो, आणि पुढचे दोन शब्द तमिळ असतात. केळीच्या पानावर भाताच्या राशी, सांबार, रस्सम, शेवटी दहीभात, असा सारा थाट दक्षिणी. त्यात एक पांढरी पचडी वाढली गेली. घरच्या बाई म्हणाल्या, “हे डांगर.” उडदाची डाळ भाजून केलेले पीठ आंबट दह्यात कालवून वर फोडणी दिलेली. तमिळ घरांतूनही तिला ‘डांगर पचडी’च म्हणतात. आमच्याकडे उडदाच्या पापडांच्या पिठाला डांगर म्हणतात, आणि भाजलेल्या उडदाच्या पिठात ताक व कांदा घालून तोंडीलावण्याचे डांगरही करतात. सव्वातीनशे वर्षांमागे घरून निघालेला तो शब्द माझ्यापुढे पानावर बसला होता. आणि जेवण अर्धे होत आले असता बाई दाराआडून म्हणाल्या, “सावकाश होऊ द्या.” हा आग्रह मी आईच्या तोंडून ऐकला, आजीच्या तोंडून ऐकला, कावेरीकाठी तो ऐकताना घास क्षणभर हातातच राहिला. सकाळी भिंतीवर वाचले ते राजांनी लिहविलेले होते. हे चार-दोन शब्द कोणी कोरविले नव्हते, तरी टिकले होते.

आता हे सारे वाचून, प्रवासात दिसेल ते खावे असे कोणी समजू नये. मी एक-दोनदा चांगला आजारी पडून हे शिकलो आहे. एका मोठ्या शहरात, ज्या खाणावळीत आमची सोय केली होती तेथील डाळीत डाळ शोधण्यास भिंग लागले असते. आणि दुसऱ्या एका ठिकाणच्या थंड चटणीने मला दोन दिवस परीक्षकाच्या खुर्चीऐवजी खाटेवर बसविले. तेव्हापासून मी जे खावयाचे ते डोळ्यांसमोर तळलेले वा उकळलेले, वाफ निघत असता खातो. कापून ठेविलेली फळे व चटण्या वर्ज्य करतो. पाणी उकळलेले वा घरचे घेतो. आणि रात्री प्रवास असेल त्या दिवशी संध्याकाळी दहीभातावर निभावतो. जेथे गावचीच गर्दी आहे तेथे खावे, जेथे केवळ प्रवाशांची गर्दी आहे तेथे जपून राहावे. गावकऱ्यास उद्याही त्याच दुकानी यावयाचे असते, आणि दुकानदारास ते ठाऊक असते.

परान्नाविषयीचा माझ्या मनातील उरलासुरला किंतु जगन्नाथपुरीने घालविला. तेथील संस्कृत विश्वविद्यालयात २००७ मध्ये काही कामासाठी जाणे झाले. देवळाच्या पाकशाळेत लाकडाच्या चुलीवर मातीची मडकी एकावर एक रचून अन्न शिजवितात. मडकी दर वेळी नवी. बटाटा व टोमॅटो यांस तेथे प्रवेश नाही. शिजलेले अन्न प्रथम जगन्नाथास आणि मग विमलादेवीस अर्पण होते, तेव्हा ते ‘महाप्रसाद’ होते आणि आवारातील आनंदबाजारात येते. तेथे ते कोणीही विकत घ्यावे आणि कोणाच्याही शेजारी बसून खावे. जात विचारीत नाहीत, पंक्तिभेद नाही. एरवी सोवळ्याओवळ्याचे नियम कडकपणे पाळणारे वृद्ध तेथे एकाच केळीच्या पानावरून अनोळखी माणसाबरोबर भात उचलताना मी पाहिले. आपल्याकडे आषाढी पौर्णिमेस गोपाळपुरात गोपाळकाला होतो, तेव्हा एकमेकांच्या तोंडी घास घालणाऱ्या वारकऱ्यांचीही हीच वृत्ती असते. अन्न देवाचे झाले की ते कोणाचेच परके राहत नाही. आजीजवळ हा युक्तिवाद मी केला असता तर ती म्हणाली असती, “देवळात ठीक आहे रे, पण खाणावळीत?” त्यावर मी एवढेच म्हटले असते की, तंजावरच्या त्या घरी वाढलेल्या पानात आणि आनंदबाजारातील पानात मला अंतर दिसले नाही.

एक गोष्ट मात्र या फिरतीत मनाला सारखी टोचत असे, आणि घरी स्त्रिया-पुरुष दोघेही वाचतात अशा या मासिकात ती बोलून दाखविणे मला आवश्यक वाटते. परक्या हातचे ऊन अन्न पुढ्यात येणे, आणि ‘सावकाश होऊ द्या’ असे कोणी आपणास म्हणणे, हे प्रवासातील सर्वांत मोठे सुख. आता विचार करा, एकत्र कुटुंबात हे सुख कोणाच्या वाट्यास येते? फिरतीवर जाणाऱ्याच्या. आणि ज्यांच्या हातचे आपण सारे जन्मभर खातो, त्यांच्या? आमच्या वहिनी चौदा माणसांच्या घरात बेचाळीस वर्षे स्वयंपाक पाहत आल्या. लग्नाकार्यास त्या जात, परंतु तेथेही पदर खोचून वाढावयास उभ्या राहत. आजीच्या काळी परान्न निषिद्ध होते. वहिनींच्या काळी ते निषिद्ध राहिले नाही, केवळ त्यांच्यापर्यंत पोहोचले नाही.

म्हणून सेवानिवृत्तीनंतर, २०१६ च्या जानेवारीत मला तंजावरचे काम आले, तेव्हा मी दादा आणि वहिनी या उभयतांस बरोबर नेले. धाकट्या सुनांनी आठ दिवस घर आनंदाने सांभाळले. बृहदीश्वराचे देऊळ वहिनींनी भक्तीने पाहिले, भिंतीवरील लेखावरून हात फिरविला. परंतु त्यांचा खरा प्रवास झाला तो त्याच जुन्या घरी, रात्रीच्या जेवणात. पान मांडले तसा त्यांचा हात सवयीने वाढण्याच्या भांड्याकडे गेला. घरच्या बाईंनी तो धरून त्यांना पाटावर बसविले. थोड्या वेळाने डांगर वाढले गेले आणि मग दोघींना आम्हां कोणाची गरज उरली नाही. डाळ किती तांबूस भाजावी, दही किती आंबट असावे, कांदा का नाही, फोडणी तेलाची की तुपाची, डांगर सकाळी केले तर रात्री चढते की नाही? असे प्रश्न विचारण्यास स्वयंपाकघरात आयुष्य गेलेले असावे लागते. वहिनींनी आपल्या मेतकुटाची कृती सांगितली, त्या बाईंनी ती तमिळ लिपीत लिहून घेतली. राजांचा इतिहास वाचावयास मी तंजावरास चार वेळा गेलो होतो. बायकांचा इतिहास एका रात्रीत वहिनी शिकून आल्या. निघताना त्या बाई म्हणाल्या, “पुन्हा या माहेरी.” वहिनी गाडीत बसल्यावर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “भावजी, आज पहिल्यांदाच जेवताना मी दाराकडे पाहिले नाही.”

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असा कोणी फिरतीवरचा माणूस असेल. त्याला माझी एक विनंती आहे. गावी गेलास की खोलीचे दार लावून बसू नकोस; जो तुझ्याबरोबर काम करतो त्याला त्याच्या घरी काय शिजते ते विचार. आणि वर्षातून एकदा तरी, आळीपाळीने, घरातील जी माउली नेहमी वाढते तिला बरोबर ने. भाड्याचा खर्च फार नसतो. घर आठ दिवस कोणी तरी सांभाळते. स्वयंपाक थोडा बिघडतो, त्याने कोणी मरत नाही. आमच्या घरी आता उन्हाळ्यात दोन प्रकारचे डांगर होते: एक कांदा घातलेले, आजीच्या हातचे, आणि एक कांद्याविना, फोडणीचे, तंजावरचे. मुले दोन्ही चाटून पुसून खातात, आणि त्यांतील परान्न कोणते हे त्यांना सांगता येत नाही.